उलट्या छापलेल्या जपानी चित्राविषयी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या पावसावरील ललित लेखासोबत एक जपानी रंगीत चित्र होते. अवचित सर आल्याने दांडीवर वाळत घातलेला कपडा काढायला धावलेली एक तरुणी, आणि घाईत तिच्या पायातून निसटलेली एक खडाव. चित्राची निवड चोख होती आणि लेखाला ते शोभूनही दिसत होते. माझी तक्रार दोन बाबतींत आहे. चित्राखाली ‘जपानी चित्र’ एवढाच उल्लेख होता, आणि ते उलटे, म्हणजे आरशात दिसावे तसे, छापले गेले होते.

मी कोल्हापुरात छापखान्यात ३४ वर्षे काढली असल्याने ही चूक कशी होते हे मला चांगले ठाऊक आहे. छपाई फिल्मवरून होण्याचे दिवस होते तेव्हा आमच्याकडे एका दिनदर्शिकेवरच्या गणपतीची फिल्म उलटी लागली आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला. गिऱ्हाइकाने सगळ्या प्रती परत केल्या. उजव्या सोंडेचे सोवळे घरात कोण पाळणार, हा त्याचा सवाल बिनतोड होता आणि कागदाचा भुर्दंड आम्हीच सोसला. आपल्याकडे कदाचित मुलीचे तोंड मजकुराच्या बाजूला असावे म्हणून चित्र जाणूनबुजून फिरवले असेल. त्यातली सोय मला समजते, पण या चित्रात त्या सोयीने काय बिघडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

हे चित्र सुझुकी हारुनोबु या चित्रकाराचे, १७६५ सालचे आहे. त्याचे नाव ‘युदाची’, म्हणजे सायंकाळची सर. वरवर पाहता ते पावसाचे चित्र वाटते, पण ते एक कॅलेंडर आहे. जपानात १८७२ अखेरपर्यंत चांद्रसौर कालगणना चालत असे. महिना कधी ३० दिवसांचा, कधी २९ दिवसांचा, आणि मधूनमधून आपल्यासारखाच अधिक महिना. कोणते महिने मोठे आणि कोणते लहान हे दर वर्षी बदलत असल्याने देण्याघेण्याच्या हिशेबासाठी ते ठाऊक असणे भाग होते, पण पंचांग छापण्याचा हक्क मात्र सरकारमान्य मोजक्या मंडळींकडेच होता. तेव्हा एदोमधल्या, म्हणजे आजच्या तोक्योमधल्या, हौशी लोकांनी चित्रांत महिन्यांचे आकडे लपवायचे आणि नववर्षाला ती चित्रे एकमेकांना भेट द्यायची, अशी टूम काढली. १७६५ साली या हौसेला ऊत आला. मंडळी पैसेवाली होती, खर्चाकडे कोणी पाहिले नाही, आणि त्यांच्या चढाओढीतूनच अनेक ठशांची बहुरंगी छपाई बहरली. तिला जपानीत ‘निशिकी-ए’ म्हणतात. आपल्या भाषेत ‘किनखाबी चित्र’ म्हणता येईल.

आता तो दांडीवरचा कपडा पाहावा. त्याच्या नक्षीत अक्षरे गुंफलेली आहेत. ‘मेइवा’ या कालखंडाचे दुसरे वर्ष, म्हणजे १७६५. पुढे ‘मोठा’ या अर्थाचे अक्षर, जे दोन्ही हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसते. आणि मग दोन, तीन, पाच, सहा, आठ आणि दहा हे आकडे. म्हणजे त्या वर्षी हे सहा महिने ३० दिवसांचे होते. गंमत अशी की यातले बहुतेक आकडे आरशात पाहिले तरी जवळपास तसेच दिसतात: दोन म्हणजे दोन आडव्या रेघा, तीन म्हणजे तीन, आणि दहा म्हणजे अधिकचे चिन्ह. चोर पकडून दिला तो पाचाने. जपानी पाचाची आतली वळणदार रेघ एकाच बाजूला उतरते आणि आपल्या पुरवणीत ती भलत्या बाजूला होती. ही गोष्ट मला पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्या नातीने दाखवली. मला जपानी येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

उलट्या छपाईने याहून मोठा अनर्थही होऊ शकतो. जपानी किमोनो नेसताना डावी बाजू उजवीवर येते. उजवी डावीवर घेतात ती फक्त मृताला नेसवताना. किमोनोतल्या कोणत्याही स्त्रीचे चित्र फिरवून छापले की जिवंत बाईला आपण प्रेताचा वेष चढवतो. दुसरे असे, की लाकडी ठसा मुळातच उलटा कोरलेला असतो, म्हणून कागदावर तो सुलटा उमटतो. कोरणाऱ्याने एवढ्या कष्टाने साधलेले सुलटेपण आपण संगणकाच्या एका कळीने घालवतो.

या कष्टांबद्दल थोडे लिहितो, कारण ते माझ्या धंद्यातले आहे. चित्रकाराने पातळ कागदावर रेखाटलेले चित्र रानचेरीच्या लाकडी फळीवर पालथे चिकटवत आणि त्यावरूनच कोरत, म्हणजे ठसा तयार होताना मूळ रेखाटन नष्ट होत असे. आधी काळ्या रेषांचा ठसा, मग प्रत्येक रंगासाठी निराळा. प्रत्येक फळीवर एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला काही अंतरावर एक सरळ खाच ठेवलेली असे. ओलसर कागद दर वेळी या दोन खाचांना टेकवून ठेवायचा, की रंग आपल्या जागी बसलाच. या खाचांना ‘केंतो’ म्हणतात. छपाईचे यंत्र असे नव्हतेच. ब्रशने फळीवर रंग लावायचा आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या ‘बारेन’ नावाच्या चकतीने कागद पाठीमागून घासायचा. आमच्याकडे चार रंगांचे रजिस्टर, म्हणजे ते एकमेकांवर नेमके बसणे, जुळेपर्यंत शंभरेक कागद वाया जात आणि एखादा रंग केसभर सरकला तर चेहऱ्याला दोन ओठ दिसत. दोन खाचांच्या भरवशावर हाताने काढलेले, डोळ्याची पापणीही न सरकलेले ते ठसे पडद्यावर मोठे करून पाहताना मी काय अनुभवतो, हे छापखान्यात उभ्या राहिलेल्या माणसालाच कळेल.

पडद्यावर पाहण्याची ही सोय अलीकडचीच आहे आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांना तिची कल्पना नसावी, म्हणून पत्र लांबवत आहे. ‘उकियो-ए डॉट ऑर्ग’ हे शोधस्थळ जॉन रेसिग या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २०१२ साली सुरू केले. त्यात अनेक संग्रहालयांतील दोन लाखांहून अधिक जपानी मुद्राचित्रे एकत्र शोधता येतात आणि हातातल्या चित्राचा फोटो टाकला तर त्याच ठशाच्या निरनिराळ्या प्रती समोर येतात. आपल्या पुरवणीतल्या चित्राचा फोटो मी मोबाईलवर काढून तिथे टाकला आणि मूळ चित्र सापडले. या कामाला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. संपादकीय विभागालाही यापेक्षा जास्त वेळ लागू नये.

एकाच ठशाच्या अनेक प्रती शेजारी ठेवून पाहण्यात काय मिळते, याचे उदाहरण सगळ्यांना माहीत असलेल्या चित्राचेच देतो. कात्सुशिका होकुसाईची ती प्रचंड लाट आज टी-शर्टांवर, कपांवर, मोबाईलच्या कव्हरांवर, सगळीकडे आहे. १८३१ च्या सुमारास फुजी पर्वताच्या मालिकेत ती निघाली. मालिकेचे नाव ‘छत्तीस दृश्ये’ असले तरी खप पाहून आणखी दहा वाढवली गेली आणि एकूण ४६ झाली. मूळ कागद जेमतेम २५ बाय ३७ सेंटीमीटरचा आहे, हे भिंतभर छापलेली लाट पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. तिच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात शीर्षकाची एक दुहेरी चौकट आहे. लवकर काढलेल्या प्रतींत चौकटीच्या रेषा अखंड आहेत, उशिराच्या प्रतींत त्या तुटलेल्या दिसतात, कारण हजारो वेळा घासून लाकडाची धार गेलेली असते. म्हणजे जगातले सर्वांत प्रसिद्ध जपानी चित्र हे एक चित्र नाहीच. नव्या ठशापासून झिजलेल्या ठशापर्यंतचा तो एक सबंध जन्म आहे, आणि तो जन्म निरनिराळ्या खंडांतील संग्रहालये एका पडद्यावर आल्यावरच सामान्य माणसाला दिसू लागला.

रंगांचेही तसेच. जुन्या जपानी चित्रांचा तो मऊ, बदामी, विटलेला सूर आपण त्यांची अभिरुची समजतो. पुष्कळदा ते नुसते उडालेले रंग असतात. करडईच्या फुलांचा लाल आणि एका रानफुलापासून काढलेला निळा हे दोन्ही उजेडात टिकत नाहीत. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाला स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ साली सुमारे ६,५०० मुद्राचित्रे दिली, ती कधीही जाहीर प्रदर्शनात मांडायची नाहीत या अटीवर. शंभर वर्षे अंधारात राहिल्याने त्यांतील रंग ताजे आहेत आणि दालनात ती पाहायला मिळणे शक्य नसल्याने संग्रहालयाने घेतलेली छायाचित्रे हीच सर्वसामान्यांसाठी त्यांची एकमेव खिडकी आहे. डिजिटल प्रतीला ‘मूळ वस्तूची गरिबाघरची बदली’ म्हणणाऱ्यांनी या संग्रहाचा विचार करावा.

पडदा काही गोष्टी दाखवत नाही, हेही कबूल केले पाहिजे. शाई न लावता नुसत्या दाबाने कागदावर उठवलेली नक्षी आणि पार्श्वभूमीला लावलेली अभ्रकाची झळाळी या दोन्ही गोष्टी कागद हातात धरून तिरका केल्याशिवाय कळत नाहीत.

चित्रांइतकीच, किंबहुना माझ्या मते जास्त, मौज पुस्तकांत आहे आणि आपल्याकडे त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह आणि तोक्योच्या वासेदा विद्यापीठाचा जुन्या ग्रंथांचा संग्रह कोणालाही घरबसल्या फुकट चाळता येतो. जपानी साहित्याच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१४ पासून दहा वर्षांत सुमारे तीन लाख जुन्या ग्रंथांची छायाचित्रे घेण्याचे काम अंगावर घेतले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, कव्हर, कोरी पाने आणि शेवटची प्रकाशकाची जाहिरात यांसकट पुस्तक समोर येते. कागद एकाच बाजूने छापून मधोमध दुमडलेला, घडी बाहेर आणि पोट कोरे, अशी ही बांधणी असते. पाने उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे डाव्या पानाचा खालचा कोपरा वाचकांच्या अंगठ्याने काळा पडलेला दिसतो. १८०८ साली एकट्या एदोत ६५६ फिरती वाचनालये होती. पाठीवर पुस्तकांचा गठ्ठा बांधून हे लोक दारोदार जात आणि भाड्याने पुस्तके देत. त्या काळ्या कोपऱ्यांचा हिशेब इथे लागतो.

स्वयंपाकावरची पुस्तके सर्वांत वाचनीय. १७८२ साली ओसाकात ‘तोफु ह्याकुचिन’ नावाचे पुस्तक निघाले. त्यात तोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरचे, शंभर प्रकार आहेत, आणि लेखकाने ते ‘नेहमीचे’ इथपासून ‘अजोड’ इथपर्यंत सहा दर्जांत लावले आहेत. आवडनिवड इतकी ठामपणे मांडणारा पाककृतिलेखक मला फार आवडला. पुस्तक इतके खपले की पुढच्याच वर्षी दुसरा भाग काढावा लागला, आणि मग अशा ‘शंभर प्रकारां’ची लाटच आली. १७८५ च्या एका पुस्तकात अंड्यांचे पदार्थ आहेत. त्यात एक कृती अशी: ताज्या गावठी अंड्याला टोकाकडे सुईने भोक पाडावे, तांदळाच्या कोंड्याच्या आंबवणात तीन दिवस मुरवावे, धुऊन उकडावे, की पिवळे बाहेर आणि पांढरे आत असे उलटे अंडे तयार. माझ्या सुनेने हा प्रयोग करायला साफ नकार दिला आहे. तोक्योतील मानव्यविद्यांच्या खुल्या विदा-केंद्राने (विदा म्हणजे डेटा) याच पुस्तकातल्या कृती आजच्या भाषेत आणि आजच्या मापांत बसवून २०१६ साली जपानमधल्या लोकप्रिय पाककृतिस्थळावर घातल्या.

‘आजच्या भाषेत’ हे शब्द मुद्दाम वापरले. जपानी माणसालाही ही पुस्तके वाचता येत नाहीत. त्या काळची लपेटदार, हात न उचलता लिहिलेली लिपी, जिला ते ‘कुझुशिजी’ म्हणजे मोडलेली अक्षरे म्हणतात, १९०० साली शाळांतून बाद झाली. एका उच्चाराला अनेक अक्षरे होती, त्यांतले एकेकच राहिले. दोन पिढ्यांत पणजोबांचे पत्र घरात कोणाला वाचता येईनासे झाले. हे वाचून कोणाही मराठी माणसाच्या मनात मोडी आल्यावाचून राहणार नाही. नावसुद्धा जणू तेच. जपान्यांनी यावर काढलेला तोडगा मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. वर सांगितलेल्या केंद्राने जुन्या पुस्तकांतून दहा लाखांहून अधिक अक्षरे एकेक सुटी करून, प्रत्येकाचा आजचा पर्याय लिहून, हा सगळा साठा सर्वांसाठी खुला केला. त्यावर शिकवलेले ‘मिवो’ नावाचे मोफत ॲप २०२१ साली निघाले. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की प्रत्येक जुन्या अक्षरावर आजचे अक्षर उमटते. अक्षरे चुकतात, पण मजकूर कशाबद्दल आहे हे कळते. त्याआधी, २०१७ साली, क्योतोमधल्या भूकंप-अभ्यासकांनी जुन्या भूकंपांच्या नोंदी लोकांकडून लिहून घेण्याचा उपक्रम सुरू केला होता आणि त्यात हजारो सामान्य लोक सामील झाले. त्यांना जुने भूकंप समजून घ्यायचे होते, त्यासाठी जुनी लिपी शिकावी लागली. लिपीच्या अभिमानाची भाषणे यात कुठे दिसत नाहीत. आपल्याकडे मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, भरभरून आहेत. त्यांची छायाचित्रे घेण्याचे काम कुठे कुठे झालेही आहे, पण नुसत्या छायाचित्राने मोडी न येणाऱ्याच्या हाती काय लागते?

पण माझी मागणी इतकी मोठी नाही. यापुढे आपण एखादे जपानी मुद्राचित्र छापाल, तेव्हा त्याखाली चित्रकाराचे नाव, चित्राचे नाव, साल आणि ते कोणत्या संग्रहातून घेतले हे एका ओळीत द्यावे, आणि चित्र फिरवू नये, कडा कापू नयेत. कडेलाच सही असते, प्रकाशकाचे चिन्ह असते, आणि १७९० नंतरच्या चित्रांवर तपासणीचा छोटा शिक्काही असतो. तो शिक्का शोभेचा नाही. १८०४ साली उतामारो या थोर चित्रकाराला हिदेयोशी या सत्ताधीशाची चित्रे काढल्याबद्दल ५० दिवस हातकड्यांत राहावे लागले, इतकी ती तपासणी कडक होती. संग्रहाचे नाव देणे हा सौजन्याचाही भाग आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासारख्या संस्थेने २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या आपल्या चित्रांची छायाचित्रे कोणालाही कशीही वापरायला मोकळी केली; इतर काही संस्थांच्या अटी मात्र निराळ्या आहेत आणि वापरण्यापूर्वी त्या पाहाव्या लागतात. त्यामुळे हे नाव लिहिताना आपसूकच तपासही होईल.

जागा असल्यास आणखी एक सुचवतो. महिन्यातून एकदा अशा एका पुस्तकाचे एकच पान मोठे छापावे आणि त्यात काय दिसते हे सांगावे. १८३४ आणि १८३६ मध्ये निघालेले ‘एदो मेइशो झुए’ हे एदोच्या स्थळांचे २० पुस्तिकांचे सचित्र वर्णन त्यासाठी वर्षभर पुरेल. साइतो घराण्याच्या तीन पिढ्या त्यावर राबल्या आणि हासेगावा सेत्तान याने चित्रे काढली. त्यातला निहोनबाशीचा मासळीबाजार पाहिला, तर ससून डॉकवर सकाळी जाणाऱ्याला ओळखीचाच गलका ऐकू येईल. पुण्यात जपानी जाणणारे पुष्कळ आहेत. त्यांतले कोणी हे काम आनंदाने करतील. माझी नात तयार आहे, पण तिची परीक्षा डिसेंबरात आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुद्रक, कोल्हापूर

ता. क. पुरवणीचा तो अंक मी रद्दीत घातलेला नाही. पान पालथे करून खिडकीच्या काचेवर धरले की मुलगी सुलट्या बाजूला धावू लागते. पाठीमागची प्रेशर कुकरची जाहिरात तेवढी मध्ये येते, पण तिच्या शिटीच्या जरा वर पाच बरोबर दिसतो.